बहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्यावर: धोका किती, तपासणी कोणती आणि उपचारांचा क्रम असा का

सातारा जिल्ह्यातील एका ४४ वर्षांच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीला ४९व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले असून शस्त्रक्रियेच्या आधीच किमोथेरपी सुरू केली आहे. घरातील मंडळींचे म्हणणे असे, की गाठीत सुई घातल्यामुळे रोग भडकला आणि आता गाठ काढायचे सोडून डॉक्टर वेळ घालवत आहेत. स्वतः शिक्षिकेला विचारायचे आहे, की आपल्याला हा आजार होण्याची शक्यता किती, दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, करावी का आणि आजार झालाच तर पूर्ण स्तन काढण्यावाचून गत्यंतर नसते का.

गेली चोवीस वर्षे मी स्तनाच्या आजारांवर शस्त्रक्रिया करते आहे. या काळात माझे एक मत पक्के होत गेले: आपल्याकडे या आजारात बायकांचे नुकसान औषधे नसल्यामुळे होते त्याहून अधिक पायऱ्या चुकल्यामुळे होते. गाठ हाताला लागल्यापासून सुईची योग्य तपासणी होईपर्यंत किती दिवस गेले आणि त्या तपासणीनंतर कोणता उपचार आधी झाला, यांवर पुढचे बरेच काही ठरते. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे मी याच अंगाने देते.

आधी शक्यतेविषयी. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आकडे धडकी भरवणारे आहेत; परंतु सर्वसाधारण भारतीय स्त्रीला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा आजार होण्याची शक्यता साधारण तीन टक्के आहे. आई, सख्खी बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला तो झाला असेल तर ही शक्यता सुमारे दुप्पट होते, आणि त्या नातलग स्त्रीचे वय निदानाच्या वेळी पन्नाशीच्या आत असेल तर त्याहून थोडी अधिक. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणी घेतल्या, तर त्यांतील सहा-सात जणींना पंचाहत्तरीपर्यंत कधीतरी हा आजार होईल आणि उरलेल्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णव जणींना होणार नाही. घरच्यांनी ‘आता तुलाही होणार’ असे म्हटले, तर त्यांना हा हिशेब दाखवावा.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. निरनिराळ्या देशांतील ५२ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की स्तनाचा कर्करोग झालेल्या दर नऊ स्त्रियांपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला वा मुलीला तो झालेला नव्हता. ‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ हे वाक्य मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावे लागते, आणि बहुतेक वेळा ते गाठ घेऊन सहा महिने घरी बसलेली बाई बोलत असते.

मग हा आजार कोणाला होतो? वय हा सर्वांत मोठा घटक आहे आणि त्याखालोखाल शरीरातील संप्रेरकांचा, विशेषतः इस्ट्रोजेनचा, स्तनाच्या पेशींशी किती वर्षे संबंध येतो हे महत्त्वाचे ठरते. पाळी बाराव्या वर्षाच्या आत सुरू होणे, पंचावन्नीनंतर जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे या सर्वांचा धागा तोच आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवले होते, की मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये हा आजार अधिक आढळतो. संप्रेरक ही कल्पनाच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. आपल्याकडे याचा प्रत्यय मुंबई आणि बार्शी यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की येतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची, म्हणजे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी, १९८७ साली. मुंबईत स्तनाचा कर्करोग बायकांमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, त्यानंतरही बार्शीकडे बराच काळ गर्भाशयमुखाचाच कर्करोग आघाडीवर होता.

या माहितीचा आपल्या समाजात एक दुरुपयोग होतो. उशिरा लग्न केले, नोकरीच्या पायी मूल लांबवले, म्हणून हे झाले, असे रुग्णाला तिच्या खाटेशेजारी बसून ऐकवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. हे घटक हजारो स्त्रियांच्या समूहाला लागू पडतात. एखाद्या विशिष्ट बाईला आजार का झाला, हे त्यांवरून सांगता येत नाही आणि तिच्या आयुष्यातील निर्णयांचा पंचनामा करण्याचे ते साधन तर मुळीच नाही.

बदलता येण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन हा त्यांतील मोठा घटक आहे, कारण त्या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होते. नियमित व्यायामाने धोका काही अंशी कमी होतो आणि मद्याने, थोड्या प्रमाणातील मद्यानेही, तो वाढतो. स्तनपानाचा फायदा मोजला गेलेला आहे: आयुष्यात एकूण जितके महिने अंगावर पाजले असेल, त्यांतील दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या दोन संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत. बाकी घट्ट किंवा काळी ब्रा, घामाच्या वासावरचे फवारे, मुलाचे डोके छातीवर आपटणे यांनी कर्करोग होत नाही. मार लागला म्हणून बाई त्या जागी हात फिरवते आणि आधीपासून असलेली गाठ तिच्या लक्षात येते, एवढाच त्या माराचा संबंध असतो. मिशरी जरूर सोडावी, मात्र ती प्रामुख्याने तोंडाच्या कर्करोगासाठी.

आनुवंशिकतेविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण बहीण म्हटली की हा प्रश्न आलाच. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींमध्येच आजार आईवडिलांकडून आलेल्या एखाद्या सदोष जनुकामुळे झालेला असतो. यांतील बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १९९४ आणि १९९५ साली सापडली. त्यांच्यात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात जाऊ शकते आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो. परंतु ही रक्ततपासणी तुम्ही स्वतः आधी करून घेऊ नये. ती प्रथम बहिणीची व्हावी. तिच्यात दोष सापडला तर तोच नेमका दोष तुमच्या रक्तात आहे का, हे निश्चितपणे पाहता येते; तिच्यात सापडला नाही तर तुमची तपासणी करण्यात बहुधा अर्थ उरत नाही. बहिणीला सोडून थेट तुमची तपासणी केली आणि ती निर्दोष आली, तर त्या निकालातून ठोस असे काहीच हाती लागत नाही. बहिणीचे वय पन्नाशीच्या आतले असल्याने तिच्या डॉक्टरांशी या तपासणीविषयी बोलणे योग्यच ठरेल. घराण्याची माहिती काढताना वडिलांच्या बाजूला विसरू नका. आत्या, चुलत बहिणी, आजीला झालेला ‘पोटाचा कर्करोग’, जो पुष्कळदा बीजाशयाचा असतो, आणि एखाद्या काकांच्या छातीतील गाठ, हे सगळे विचारावे. कारण सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येऊ शकते आणि पुरुषांनाही, क्वचित का होईना, हा आजार होतो.

आता लवकर निदानाकडे वळू. दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःची स्तनतपासणी करा, असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. चीनमध्ये शांघाय येथील कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्वतः तपासणी करण्याचे शिक्षण दिलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, तेवढ्या वाढल्या. त्यामुळे आता मी कोणाला तारखेचे बंधन घालत नाही. आपला स्तन एरवी कसा लागतो, कसा दिसतो, याची प्रत्येक स्त्रीला ओळख असावी आणि त्यात काही वेगळे जाणवले तर तिने ते अंगावर काढू नये, इतकीच माझी अपेक्षा असते. पाळी येत असेल, तर पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी स्तन मऊ असतात, तेव्हा अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या टोकांऐवजी पेरांच्या सपाट बाजूने, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेतही हात फिरवावा.

हाताला लागण्याआधी काही गोष्टी डोळ्यांना दिसतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी गाठ चाचपलीच नव्हती. आरशासमोर अंबाडा घालताना हात वर केले, की डाव्या स्तनाच्या खालच्या अंगाला एक खळी पडते आणि हात खाली आणले की ती जाते, असे त्यांच्या लक्षात आले. आत जेमतेम सव्वा सेंटिमीटरची गाठ होती. तिच्याशी जोडलेले तंतू ताणले गेले की त्वचा आत ओढली जात होती. स्तनाग्र नव्याने आत वळणे, एकाच बाजूने आपोआप रक्तमिश्रित पाणी येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, मलमांनी न जाणारी स्तनाग्राची खाज आणि खपली, काखेतील टणक गाठ ही सर्व लक्षणे डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहेत. वेदना मात्र या यादीत खालच्या क्रमांकावर आहे. दुखते म्हणून दाखवायला येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही’ या समजुतीपायी मुलीचे लग्न होईपर्यंत, ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, दिवाळी होईपर्यंत थांबलेल्या किती बाया सांगू! बाळंतिणींच्या बाबतीत हेच ‘दूध साकळले आहे’ या शब्दांनी होते. साकळलेले दूध शेकाने आणि बाळाला पाजण्याने काही दिवसांत मोकळे होते. दोन आठवड्यांनंतरही गाठ तशीच असेल तर सोनोग्राफी केलीच पाहिजे.

प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईतून आला, याचा मला अभिमान वाटतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी, दर दोन वर्षांनी एकदा अशा चार फेऱ्यांत, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्यूंत फरक पडला नाही. यासाठी ना यंत्र लागले, ना तंत्रज्ञ. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आता समाविष्ट आहे. गावातील आशाताई त्यासाठी बोलावतात तेव्हा ‘मला काही होत नाही’ म्हणून परत पाठवू नये.

तुम्ही मात्र सर्वसाधारण गटात मोडत नाही. सख्ख्या बहिणीला आजार झाला असेल, तर तिच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, पण साधारणतः चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मॅमोग्राफी सुरू करावी असा प्रघात आहे. तुमच्यासाठी ती वेळ येऊन गेली आहे. पहिली मॅमोग्राफी येत्या महिनाभरात करून घ्यावी आणि पुढे वर्षाला एकदा. चव्वेचाळीसाव्या वर्षी स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो आणि तो क्ष-किरणात पांढरा दिसतो. कर्करोगही पांढराच दिसतो. म्हणून या वयात सोबत सोनोग्राफीही करून घ्यावी. तारीख पाळीनंतरच्या आठवड्यातली घ्या, कारण प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो आणि तेव्हा तो कमी दुखतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा फवारा मारू नका. त्यांतील धातूचे कण चित्रात चुन्याच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि विनाकारण पुढच्या तपासण्या मागे लागतात. अहवालात शून्य ते सहा असा एक दर्जा दिलेला असतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. तो ‘काही नाही’ असा अर्थ घेऊन एक बाई वर्षभर निश्चिंत राहिल्या होत्या. तीन म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. चार किंवा पाच असेल, तर सुईची तपासणी करावीच लागते.

यावरून तुमच्या नातेवाईकांच्या आक्षेपाकडे येते. स्तनातील संशयास्पद गाठीचे निदान तीन गोष्टींच्या मेळाने होते: हाताने तपासणी, मॅमोग्राफी व सोनोग्राफी, आणि जाड सुईने काढलेला गाठीचा तुकडा, ज्याला आम्ही ट्रूकट बायॉप्सी म्हणतो. जागा बधिर करून शेवयांइतक्या जाडीचे चार-पाच तुकडे काढले जातात. काम दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. या सुईमुळे आजार पसरून आयुष्य कमी होते, असे दशकानुदशकांच्या अनुभवात कोठेही दिसलेले नाही. लोकांचा गैरसमज होतो तो क्रमामुळे: सुई घातली, मग कर्करोग निघाला, मग पुढच्या तपासण्यांत काखेतही सापडला. सुईच्या आधी तो काखेत होताच, फक्त कोणी पाहिलेला नव्हता.

सुई टाळण्याची किंमत काय असते, याचे एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी ३८ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. तालुक्याच्या ठिकाणी त्यांची गाठ ‘साधीच दिसते, काढून टाकू’ असे म्हणून कोणतीही तपासणी न करता काढली होती. त्यांच्या नवऱ्याच्या हातात एक झाकणाची प्लॅस्टिकची डबी होती आणि तीत सलाईनच्या पाण्यात ठेवलेली ती गाठ, चार तुकड्यांत, करडी पडून गेलेली. काढलेला भाग ताबडतोब फॉर्मालिनमध्ये ठेवावा लागतो आणि नीट तपासण्यासाठी त्यात किमान सहा तास, पण बहात्तर तासांच्या आत, मुरावा लागतो. सलाईनमध्ये दोन दिवस राहिलेल्या त्या मांसावरून ती कर्करोगाची गाठ आहे एवढे कळले. कोणत्या प्रकारचा, तिच्या कडांपर्यंत रोग पोहोचला होता का, यांपैकी काहीही कळू शकले नाही. स्तनावर आडवा मोठा छेद होता, आत रक्त साठले होते आणि मूळ गाठ नेमकी कोठे होती हे सांगायला काही खूण उरली नव्हती. ज्या बाईचा स्तन वाचवता आला असता, तिचा पूर्ण स्तन काढावा लागला.

प्रकार कळणे इतके महत्त्वाचे का, हे समजले की बहिणीला आधी किमो का दिली याचेही उत्तर मिळते. बायॉप्सीच्या तुकड्यावर तीन गोष्टी पाहिल्या जातात: इस्ट्रोजेनचे ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक (ग्राहक म्हणजे पेशीवर ते संप्रेरक जेथे चिकटते ती जागा) आणि हर-टू नावाचे प्रथिन. पहिले दोन असतील, तर आजार संप्रेरकांवर पोसला जातो आणि तो पुरवठा तोडणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू अधिक असेल, तर ट्रॅस्टुझुमॅब हे नेमके त्यावर काम करणारे इंजेक्शन साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी देतात. तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे त्याचे प्रमाण अधिक आढळते आणि त्यावर किमोचा भर जास्त असतो. हर-टूचा निकाल ‘दोन अधिक’, म्हणजे संदिग्ध, असा आला, तर फिश नावाची आणखी एक तपासणी केल्याशिवाय निर्णय करू नये.

गाठ मोठी असेल, काखेत पोहोचली असेल, किंवा ती हर-टू वा ट्रिपल निगेटिव्ह प्रकारची असेल, तर आधी किमो देण्यात दोन फायदे असतात. गाठ आकसते, त्यामुळे पूर्ण स्तन काढण्याऐवजी केवळ गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून चालण्याची शक्यता वाढते. आणि औषधाचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो, त्यावरून शस्त्रक्रियेनंतर कोणते औषध जोडायचे हे ठरवता येते. तीच किमो आधी दिली किंवा नंतर दिली तरी आयुर्मानात फरक पडत नाही, हे अमेरिकेतील दीड हजार स्त्रियांच्या एका प्रयोगात पूर्वीच तपासून झाले आहे. म्हणजे वेळ वाया जात नाही. किमो सुरू करण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक खूण बसवली आहे ना, एवढे तुम्ही डॉक्टरांना विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर नंतर शस्त्रक्रियेची जागा याच खुणेवरून सापडते.

पूर्ण स्तन काढावाच लागतो का? एकेकाळी काढला जात असे, आणि त्याखालचे स्नायूही. अमेरिकेतील हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली ती शस्त्रक्रिया जवळजवळ पाऊणशे वर्षे जगभर चालली. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी, फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला विकिरणोपचार दिले तर काय होते, हे तपासले. दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत आयुर्मान सारखेच निघाले. त्यामुळे गाठ योग्य आकाराची, एकाच भागातली असेल आणि विकिरणोपचार, ज्यांना आपल्याकडे पुष्कळ जण ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते घेता येणार असतील, तर स्तन वाचवणे हा दुय्यम दर्जाचा उपचार ठरत नाही. ‘आता या वयात स्तन कशाला ठेवायचा, काढून टाका’ असे पती किंवा मुलगा सांगतो, तेव्हा मी त्यांना बाहेर बसवून आधी तिला विचारते. पूर्वी पाच आठवडे चालणारे विकिरण आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत आणि निवडक रुग्णांत एका आठवड्यातही पूर्ण होते. साताऱ्याहून पुण्या-मुंबईला राहण्याची सोय करणाऱ्या कुटुंबाला हा फरक मोठा वाटतो. काखेतील सगळ्या लसीका ग्रंथी, जेथे रोग सहसा आधी पोहोचतो, त्या काढण्याऐवजी, जेथे शक्य असेल तेथे पहिल्या काही ग्रंथी काढून तपासतात. सगळ्या काढल्यावर साधारण पाचांतील एकीच्या हाताला पुढे सूज येते. मोजक्या काढल्या तर वीसातील एकीला.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने ११ भारतीय केंद्रांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे नेहमीचे बधिर करणारे औषध टोचले, एवढाच त्यात बदल होता. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. औषध असे, की कोणत्याही लहान दवाखान्याच्या कपाटात सापडेल.

किमोत केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि उपचार संपल्यावर परत येतात. हे आधी सांगितलेले असेल तर धक्का कमी बसतो. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची सूचना तापाची आहे. किमो चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. बहिणीकडे चालणारा तापमापक आहे का, हे आजच पाहा. संप्रेरकग्राहक असलेल्या आजारात शस्त्रक्रिया व किमो संपल्यावर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल यांसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे आणि पाच वर्षे घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी करते. पण आता मी बरी आहे, मग गोळी कशाला, असे म्हणून दीड-दोन वर्षांत ती सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. अंगातून वाफा येणे हा तिचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय आहेत. न सांगता गोळी बंद करू नये. पाळी गेलेल्या स्त्रीला ती घेताना पुन्हा रक्तस्राव दिसला, तर लगेच कळवावे.

उपचारांनंतर दर वर्षी पेट स्कॅन, म्हणजे शरीरभर कर्करोग शोधणारी चित्रतपासणी, करून घेण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे, ती मला पटत नाही. लक्षण नसताना असे शोध घेत राहिल्याने आयुष्य वाढत नाही, हे इटलीतील दोन अभ्यासांनी १९९४ सालीच दाखवले. ठरलेल्या वेळी हाताने तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरेशी असते. ते पैसे औषधांसाठी राहू द्यावेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो आणि विकिरण या तिन्हींचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत गाठावे, बिल झाल्यावर नव्हे.

पायऱ्या चुकल्याने काय जाते, ते भारतातील ११ नोंदणी केंद्रांच्या माहितीतून दिसते. आजार स्तनापुरता असताना निदान झालेल्या १०० स्त्रियांपैकी ८१ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. काखेपर्यंत गेलेला असताना ६५ ते ६६. दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर केवळ १८. तुमच्या बहिणीच्या आजाराचा टप्पा तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे यांतील कोणताही आकडा तिला लावू नका.

तुमच्या स्वतःच्या पहिल्या भेटीसाठी येताना बहिणीचा बायॉप्सीचा पूर्ण अहवाल, म्हणजे ज्यावर त्या तीन तपासण्यांचे निकाल आहेत तो कागद, त्याची छायाप्रत आणा. घराण्यातील कोणाला कोणत्या वयात कोणता कर्करोग झाला, हे आईकडून आणि आत्याकडून विचारून एका पानावर लिहून आणा. पूर्वी कधी मॅमोग्राफी झाली असेल तर नुसता अहवाल आणू नका, फिल्म किंवा सीडीही आणा, कारण नव्या चित्राची तुलना जुन्या चित्राशीच करायची असते.